नाव पब्लिककडे

माझा आवाज एके काळी आसेगावच्या शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. मी दहावीला भूमिती शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातले सर मुकाट्याने खिडकी लावून घ्यायचे. आता तोच आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. फेब्रुवारीत माझ्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, याचं समाधान मला रोज वाटतं. पण स्वरयंत्राच्या दोन पट्ट्यांपैकी एक हलेनाशी झाली. असं कधीकधी होतं, आवाज वर्षभरात परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. तेव्हापासून माझ्या तोंडातून नुसती हवा निघते, आणि त्या हवेत शब्द असतात.

शाळा उघडल्यावर मी प्रयत्न केला नाही असं नाही. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणून पाहिला. त्यात माझ्या शब्दांपेक्षा माझा श्वासच मोठा ऐकू यायचा. शिवाय दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. मुलं बिचारी कान टवकारून बसायची, पण मागच्या दोन बाकांवरच्या मुलांचे चेहरे मला दिसत होते. एकवीस वर्षं शिकवल्यावर ऐकू न आलेला चेहरा ओळखता येतो.

ऑगस्टच्या शेवटी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस भला आहे, म्हणून त्यांनाच जास्त अवघड जात होतं. म्हणाले, "मंजुषा मॅडम, दहावीचं वर्ष आहे. तुम्ही लायब्ररी सांभाळली तर बरं होईल." लायब्ररी म्हणजे दोन कपाटं आणि एक स्टूल. मी त्यांच्या टेबलावरचा कागद ओढून त्यावर लिहिलं, की मी घरी पाठ रेकॉर्ड करून आणते, वर्गातल्या मोठ्या टीव्हीवर लावू, आणि मुलांच्या शंका मी फळ्यावर सोडवीन. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "सोमवारी एक पाठ दाखवा. मागच्या बाकापर्यंत समजला, तर दहावी तुमचीच."

माझं सगळं त्या सोमवारवर येऊन ठेपलं. स्टुलावर बसून पुस्तकांना नंबर घालणं हे वाईट काम नाही, पण ते माझं नाही.

ऑनलाइन मागवलेला यूएसबी माईक शनिवारी आला. काळा, वीतभर उंच, त्याच्या पोटावर कंपनीचं नाव चंदेरी अक्षरांत. माझे यजमान विनोद मंगरूळपीरच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक आहेत. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि निकाल दिला, "माईकचं काम अन्सारभाईले नाई समजन तं कोनाले समजन?"

अन्सारभाई म्हणजे मंगरूळपीरचे लाउडस्पीकरवाले. दर्ग्याचा उरूस असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो, लग्न असो नाहीतर आमच्या शाळेची सव्वीस जानेवारी, त्यांचे कर्णे असायचेच. कर्ण्यावर, पेटीवर, माईकच्या दांडीवरच्या पाटीवर, सगळीकडे पांढऱ्या रंगात 'अन्सार साउंड'; खिशात त्याच नावाची स्टिकरंही. आणि त्यांचा एक कायदा होता, नाव नेहमी पब्लिककडे. पेटीचं नाव चुकून भिंतीकडे झालं तर ते भाषण चालू असताना स्टेजवर चढून ती फिरवायचे. सव्वीस जानेवारीला मी बोलायला उभी राहिले की आवाज कमी करत म्हणायचे, "बाई, तुमाले माईकची गरजच नाई. माह्या पोटावर पाय देऊन राह्यल्या तुमी."

रविवारी सकाळी नऊलाच ते मोटारसायकलवरून आले. जयभीम, सलाम झालं, चहा झाला. माईक पाहून त्यांनी आजूबाजूला शोधलं.

"वायर एकच? मंग मशीन कुठी हाये?"

"लॅपटॉपच मशीन," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा टेबलाखाली वाकून पाहिलं.

पहिला अर्धा तास नुसता गोंधळात गेला. वायर लावली, माईकवरचा दिवा लागला, पण रेकॉर्डिंगमध्ये येत होती ती पंख्याची घरघर. अन्सारभाईंनी वायर तीनदा काढून घातली. माझी चिडचिड सुरू झाली, आणि आवाज नसलेल्या माणसाला नीट चिडताही येत नाही, हे आणखी एक दुखणं. शेवटी मी सेटिंगमध्ये शिरले. तिथे दिसलं की लॅपटॉप अजून स्वतःच्याच आतल्या माईकने ऐकतोय. यादीतून यूएसबीवाला निवडला, पंखा बंद केला. अन्सारभाई लॅपटॉपच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यभर म्हटलेलं म्हटलं, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." पडद्यावरची हिरवी पट्टी टोकापर्यंत उडाली.

"झालं काम," ते म्हणाले. मग त्यांनी माईक अगदी प्रेमाने माझ्या आणि लॅपटॉपच्या मधोमध ठेवला आणि चंदेरी नाव लॅपटॉपच्या कॅमेऱ्याकडे केलं. पोरं पाहणार ती कॅमेऱ्यातून, म्हणजे पब्लिक तिकडे. विनोद आणि ते लॅपटॉपमागच्या स्वयंपाकघरात, दाराच्या पडद्याआड जाऊन बसले, आणि मी समरूप त्रिकोण शिकवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा चार-पाच मिनिटं म्हणून ऐकलं, तर मी विहिरीच्या तळाशी बसून बोलतेय असं वाटलं. आवाजाची पट्टी वाढवली आणि दुसऱ्यांदा तेवढंच केलं, तरी तेच. तिसऱ्यांदा पट्टी थेट शंभरावर नेली, माईकच्या डोक्याशी तोंड नेलं आणि सगळा पाठ म्हटला. पडद्यामागून कुजबुज येत होती, पण शिकवताना बाहेरचं कानावर घ्यायची मला सवयच नाही. पाठ संपला तेव्हा दिवसाच्या पंचवीस मिनिटांतली वीस संपली होती. मी हेडफोन घातला.

माझा आवाज तसाच, दूर तळाशी होता. त्याच्यावर मात्र दोन पुरुष स्वच्छ बोलत होते. एक जन्मभर कर्ण्याखाली उभा राहिलेला, दुसरा इंजिनाजवळ. त्या दोघांना हळू बोलतोय असं वाटत असलं, तरी त्यांचं हळू म्हणजे इतरांचं साधं बोलणं.

"भाऊ, खरं सांगू का," अन्सारभाई म्हणत होते, "बाईचं मले अर्धंच समजते. मी नुसती मुंडी हलवतो."

"मले तं अर्धंबी समजत नाई," विनोद म्हणाले. "डेपोत राहून राहून माहे कानच गेले. मी तिचे ओठ पायतो न् समजून घेतो."

"मंग रातच्याले?"

"लाईट चालू ठेवतो. तिले सांगतो, पेपर वाचून राह्यलो. लय चिडते माह्यावर. चिडू दे. पन तिले असं नाई वाटलं पाह्यजे, का आपुन बोललो न् कोनी आयकलंच नाई. लय बोलनारी बाई हाये ते."

मी हेडफोन काढला नाही. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा रागच आला. सहा महिने हा माणूस मला फसवत होता. एकच पेपर दोन दोन तास काय वाचता, म्हणून मी किती टोमणे मारले होते. मी ओट्याशी काही बोलले की हे हातातलं काम टाकून माझ्या पुढ्यात येऊन उभे राहायचे, आणि मी म्हणायची, सरका तिकडे, काय अंगावर येता. काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचे. मला वाटायचं, आजारी बायकोला कशाला दुखवा म्हणून म्हणत असतील. खरं म्हणजे प्रश्नच पोचलेला नसायचा. मग तो राग कुठल्या कुठे गेला आणि मी तोंडावर पदर घेऊन बसून राहिले. कोणीतरी माझ्या ओठांकडे सहा महिने इतकं टक लावून पाहत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

डोळे पुसल्यावर मास्तरीण जागी झाली. माझा आवाज वीतभरावरून येत नाही आणि यांचा पडद्यामागून येतो, याचा अर्थ काय? या माईकला एकाच बाजूने ऐकू येतं, आणि ती बाजू त्यांच्याकडे आहे. खोक्यातला कागद काढून पाहिला. चित्रातला माणूस नावाच्या बाजूला तोंड करून बोलत होता.

मी माईक फिरवला, पट्टी निम्म्यावर आणली आणि उरलेल्या पाच मिनिटांत पाठातला मधला भाग तेवढा म्हणून पाहिला. या वेळी हेडफोनमध्ये कोणीतरी माझ्या कानाशी बसून बोलायला लागलं. आवाज बसका होता, खरखरीत होता, पण त्यातला प्रत्येक शब्द उभा होता. 'कोन' कुठे संपतो आणि 'बाजू' कुठे सुरू होते ते कळत होतं. फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. डॉक्टरांची माफी मागून मी अख्खा पाठ पुन्हा रेकॉर्ड केला.

अन्सारभाईंना बोलावून आधी तो पाठ ऐकवला. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला आणि पूर्ण अकरा मिनिटं हलले नाहीत. मग त्यांचं माईककडे लक्ष गेलं.

"नाव तुमच्याकडं काहून केलं, बाई? पब्लिकले काय दिसन?"

मी कागदावरचं चित्र दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं जे बरोबर होतं ते आज चुकलं, हे त्या माणसाला सोसवेना. मी म्हणाले, "अन्सारभाई, तुमचं स्टिकर द्या." त्यांना समजलं नाही. या वेळी त्यांनी मान न हलवता कान पुढे केला, आणि मी पुन्हा म्हणाले. स्टिकर मिळालं तशी मी ते माईकच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्याला नीट दिसेल असं चिकटवलं. माझे सगळे पाठ आता 'अन्सार साउंड, मंगरूळपीर'च्या नावाने सुरू होतात, आणि तो मान त्यांचाच आहे. ते सकाळी नऊला आले नसते, तर ना माईक उलटा ठेवला गेला असता, ना मला घरातलं काही कळलं असतं.

मी काय ऐकलं ते मात्र त्या दिवशी मी कोणालाच सांगितलं नाही.

सोमवारी हेडमास्तर वर्गात सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. टीव्ही लागला. मी मुलांकडे पाहत होते, टीव्हीकडे नाही. मागचे दोन बाक वहीत आकृती काढत होते. पाठ संपल्यावर शेवटच्या बाकावरची धम्मदीपा उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही दुसऱ्या पायरीला म्हणाल्या की हे दोन कोन समान. ते कसे?" मी फळ्याकडे वळले, कारण माझा चेहरा मुलांना दाखवण्यासारखा राहिला नव्हता. जाताना हेडमास्तर म्हणाले, "पुढचा पाठ कधी आणता?"

संध्याकाळी विनोद डेपोतून आले, हातपाय धुतले. मी त्यांना टेबलाशी बसवलं. हेडफोनची पिन या वेळी लॅपटॉपला न लावता माईकच्याच पोटात लावली. तिथे लावली की बोललेलं त्याच क्षणी कानात ऐकू येतं. हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि मी माईकपुढे बसले. सवयीने त्यांची नजर माझ्या ओठांवर आली.

"डोळे मिटा," मी म्हणाले.

त्यांनी मिटले.

"काल तुमी अन्सारभाईसंग बोलले, ते या माईकनं धरलं. मी सारं आयकलं." त्यांच्या पापण्या हलल्या, पण डोळे उघडले नाहीत. "मी सा महिने तुमाले टाकून बोलली, न् तुमी मले एकटं पडू नाई देल्लं. तुमचे लय उपकार हायेत माह्यावर. हे मले तोंडानं सांगायचं होतं, न् तुमाले आयकू गेलं पाह्यजे होतं."

त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. म्हणाले, "आजून बोल."

"काय बोलू?"

"काईबी. बोलत राह्य."

मग मी बोलत राहिले. शाळेत काय झालं ते सांगितलं, धम्मदीपाने काय विचारलं ते सांगितलं, डाळ संपत आली आहे तेही सांगितलं. मग मी म्हणाले, "दिवाळीत चार दिवस रिठदले बेबीताईकडं जाऊ." बेबीताई माझी मोठी बहीण.

"नाई," विनोद डोळे मिटूनच म्हणाले. "दिवाळीले नाई जमत. तवा डेपोत मले सुट्टी भेटत नाई."

सहा महिन्यांत ते मला पहिल्यांदा नाही म्हणाले होते. मी त्यांचा हात हातात घेतला आणि भांडायला सुरुवात केली.