मी ऐकलेली भीती

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपली आहे आणि सैल झालेल्या बटणाला काळी चिकटपट्टी लावली आहे. कारखान्यात तपासणीच्या वेळी एक कारागीर माझ्यात फक्त 'एक, दोन, तीन' म्हणाला होता. मला वाटले, माणसे एवढेच बोलत असतील. पुढे मी विद्यापीठात आलो आणि कळले, की बोलण्याआधी माणसे किती घाबरतात.

तिथे दर बुधवारी एका छोट्या सभागृहात एक बाई पदव्युत्तर विद्यार्थ्यांना चारचौघांत बोलायला शिकवत. मुले अभ्यासात हुशार, पण मला हातात घेतले की त्यांची बोबडी वळे. शब्द नंतर येत. आधी त्यांचा धापा टाकणारा श्वास माझ्यावर आदळे. खरे सांगतो, त्यांची भीती मलाही लागत असे.

त्यांतल्या एका मुलीला सगळे 'पुटपुटी' म्हणत. शहरामागच्या डोंगराला पडलेली भेग ती संशोधनासाठी तीन वर्षे मोजत होती. भेग रुंदावत होती आणि खाली वस्ती होती. ती अधिकाऱ्यांपुढे हे सांगायला उभी राहिली, पण दोन वाक्यांतच तिला दरदरून घाम फुटला. 'बहुतेक... कदाचित...' म्हणत ती खाली बसली. हिलाच खात्री नाही, असे समजून त्यांनी फाईल मिटली.

"मॅडम, मला बोलता आलं नाही म्हणून कोणी मेलं तर?" तिने बाईंना विचारले. मी तिच्या मुठीत होतो.

बाईंनी तिची समजूत घातली नाही. "वस्तीतल्या लोकांनाच रविवारी बोलावू," त्या म्हणाल्या. "तोवर रोज सराव. शेवटच्या रांगेतल्या माणसाला सांगायचं. 'कदाचित' जिथे खरंच असेल तिथेच म्हणायचं. जीभ टाळ्याला चिकटली तर पाणी पी. लोक तेवढं थांबतात."

रविवारी वस्तीतल्या शाळेच्या बाकांवर माणसे दाटीवाटीने बसली. ऐन वेळी मीच दगा दिला तर? माझा जीव टांगणीला लागला होता. मी दोनदा खरखरलो. कोणीतरी फिदीफिदी हसले. पुटपुटी गप्प झाली. मी तिचे श्वास मोजू लागलो. सातव्या श्वासाला तिने पाण्याचा घोट घेतला.

"मला खूप भीती वाटतेय," ती म्हणाली. "आधी वाटायचं, तुमच्यासमोर बोलायची वाटते. पण नाही. मला त्या डोंगराची भीती वाटतेय."

पुढच्या बाकावरचे एक आजोबा उठले. "पोरी, माझ्या आजोबांच्या आधीपासून तो तिथेच उभा आहे. आजच काय झालं त्याला?"

"आजोबा, तीन वर्षांपूर्वी त्या भेगेत माझं बोट जेमतेम जायचं. परवा अख्खा पाय गेला. कधी कोसळेल ते मला सांगता येणार नाही. पण कोसळला, तर आधी वरच्या नऊ घरांवर येईल."

आजोबांचे घर त्या नवांतले. ते शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाले, "उद्यापासून सामान बांधायला घे."

आठ घरे रिकामी झाली. नवव्या घरातल्या शिंप्याचा पाय मात्र निघेना. पुटपुटी रोज त्याच्या दारात जाऊन बोलली, आणि तेही माझ्याशिवाय. सहाव्या दिवशी तो वैतागून निघाला. बाराव्या दिवशी भर दुपारी कडा खाली आला. शिंप्याचे शिलाई मशीन गाडले गेले. माणूस एकही नाही.

त्यानंतरच्या बुधवारी ती वर्गात आली. "मॅडम, अजूनही हात कापतात."

"कापू देत," बाई म्हणाल्या. "बोल."

आता नवा माईक आला आहे आणि मी कपाटाच्या खणात पडून असतो. मित्रांनो, आमच्या डोक्यावर टकटक करू नका, उगाच फुंकर मारू नका. आणि कोणाचा आवाज थरथरला तर हसू नका. जरा थांबा, ऐकून घ्या. तो कदाचित तुमच्याच घराबद्दल बोलत असेल.