कोरी की कोरलेली

सगळं वस्तुसंग्रहालय तिला आत्या म्हणायचं. पहारेकरी म्हणायचा, तिकीटवाली म्हणायची, खुद्द संचालकसुद्धा भरल्या बैठकीत "आत्या, तुम्ही सांगा" म्हणायचे. गंमत अशी की खरीखुरी आत्या ती कोणाचीच नव्हती. त्यासाठी भाऊ लागतो, आणि तिला ना भाऊ ना बहीण.

तिचं काम होतं शहरातले जुने कोरीव दगड ओळखायचं. पूर्वीच्या बड्या घराण्यांनी दारांवर, कमानींवर, विहिरींवर आपापल्या घराण्याचं चिन्ह असलेल्या ढाली कोरून ठेवल्या होत्या. कोणाच्या ढालीवर मासा, कोणाच्या बुरूज, कोणाच्या ढालीवर पोट बिघडल्यासारखा चेहरा केलेला सिंह. मग त्यांच्यावर चुना बसला, कबुतरं बसली, विजेच्या तारा बसल्या, आणि लोक वर बघायचंच विसरले. आत्या मात्र शिडी लावायची, लेकराचं तोंड पुसावं तसा मऊ ब्रशने दगड पुसायची आणि सांगायची, हा अमक्यांचा, हा तमक्यांचा.

तळघरातल्या खोलीत तिच्यासमोर बुवा बसायचे. खिडकी लावून घ्या एवढं सांगायचं असलं तरी उपदेश केल्यासारखं सांगायचे, म्हणून बुवा. दोघांचा एक नियम होता: भांडल्याशिवाय दगडाला चिठ्ठी लावायची नाही. आत्या म्हणाली मासा, की बुवांनी म्हणायचंच, "मासा कसला, चप्पल आहे ती!" मग तिने खवले दाखवायचे, त्यांनी ते झिजेचे खड्डे ठरवायचे, चहा गार व्हायचा, आवाज चढायचे. शेवटी एकाचे मुद्दे संपले की चिठ्ठी लागायची. असा घासून निघालेला मासा मग कोणाच्या बापाला हलवता यायचा नाही.

बुवा निवृत्त झाले आणि लेकीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले. तेव्हापासून आत्या म्हणायची, "हा बुरूज आहे," आणि खोली लगेच मान्य करायची. खुर्ची मान्य करायची, कपाट मान्य करायचं. इतकं गुणी तळघर तिला अगदी नकोसं झालं होतं.

अशात एका सकाळी रस्तेखात्याच्या इंजिनिअर बाईंचा फोन आला. रस्ता रुंद करायला एक जुनी भिंत पाडायची होती, आणि तिच्यातल्या बुजवलेल्या दारावर काहीतरी कोरलेलं दिसत होतं.

"झिजलेली का होईना, पुरी ढाल असेल तर दगड तुमचा," बाई म्हणाल्या. "कारागिराने अर्धवट टाकलेलं काम असेल तर रस्त्याच्या भरावात. नियम तुमच्याच खात्याचा आहे हं, माझ्यावर चिडू नका. आणि दुपारी भिंत पाडायचीय."

आत्या पोचली तेव्हा मजूर सावलीत बसून तिच्याकडे बघत होते. ती पदर खोचून शिडी चढली. ढाल उभी दोन भागांत विभागलेली होती, म्हणजे लग्नाची ढाल. आपल्या डाव्या हाताला नवऱ्याच्या घराण्याचं चिन्ह, उजव्या हाताला बायकोच्या. डावीकडे एका पायावर उभा बगळा होता, इतका देखणा की पिसंन्‌पिसं मोजावीत. उजवीकडे काहीच नव्हतं.

"झिजलं बिचारं," ती पुटपुटली, आणि सवयीने विजेरी तिरकी धरली.

सपाट दगडावर छिन्नीच्या बारीक रेघा उमटल्या. नुकत्याच विंचरलेल्या केसांसारख्या, सरळ, एकमेकींना चिकटून. पावसाने झिजवलं असतं तर आधी त्या रेघा गेल्या असत्या. ही बाजू गुळगुळीत करून तशीच ठेवली होती. कोणी कधी कोरलीच नव्हती.

आत्या शिडीवरच थांबली. तिला तो माणूस अगदी समोर दिसायला लागला. ढाल करवून घेतली, आपला बगळा कोरवला, शेजारची जागा तिच्यासाठी राखली, आणि दगड दारावर चढवला. मग रोज त्या दाराखालून आत-बाहेर केलं असेल. ती काही आली नाही. अशा माणसाला भरावात कसं जाऊ द्यायचं?

'झिजलेली' म्हटलं की काम झालं असतं. वर चढून बघणार होतं कोण?

खाली उतरून तिने बुवांना फोन लावला. लेकीने उचलला. "बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, काकू. जरा ओरडूनच बोला."

"बुवा!" आत्या भर रस्त्यात ओरडली. "लग्नाची ढाल आहे! एक बाजू कोरी आहे!"

"कोरली आहे? वा, वा."

"कोरली नाही हो! कोरी! को-री!"

"तेच म्हणतोय मी. कोरणारच. लग्नाची म्हटल्यावर कोरणारच."

मजुरांमध्ये खसखस पिकली. आत्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली. "बरं, मी झिजलेली म्हणू का?"

"म्हण की. तू म्हणतेस म्हणजे बरोबरच असणार."

तिने शेवटचा खडा टाकून पाहिला. "बुवा, मला तर ती चप्पल वाटतेय."

"असेल, असेल. चप्पलही असेल," बुवा मायेने म्हणाले. "जेवलीस का गं?"

"जेवले," आत्या म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात कण नव्हता.

इंजिनिअर बाई पेन सरसावून उभ्याच होत्या. वयाने लहान, डोक्यावर हेल्मेट, नाकावर धूळ. "मग लिहू ना, झिजलेली?"

नुसती मान हलवायची होती. पण आत्याच्या मनात आलं, हिनेही मान्य केलं की झालंच. मग आपण काहीही म्हणावं आणि साऱ्या जगाने हो म्हणावं. तळघर परवडलं.

"नाही," ती म्हणाली. "ती बाजू कधी कोरलीच नाही."

"म्हणजे अर्धवट काम."

"अर्धवट काम कोणी दारावर चढवतं होय? त्याने मुद्दाम जागा सोडली. होणाऱ्या बायकोसाठी."

"कशावरून? कारागीर मेला असेल."

"दुसरा मिळाला असता."

"आळस केला असेल! आमच्या घराच्या जिन्याला मी जन्मल्यापासून कठडा नाहीये. पप्पा म्हणतात, उद्या करू."

"रेघा बघा जाऊन! अशी घोटलेली बाजू आळशी माणसाची नसते. वाट बघणाऱ्याची असते. ती आलीच नाही, म्हणून ही रिकामी."

इंजिनिअर बाईंनी हेल्मेट मागे सारलं, तरातरा शिडी चढल्या, नाक दगडाला लावून बघितलं आणि वरूनच ओरडल्या, "आली असेल की! आली असेल, पण तिच्या माहेराला ढालच नसेल! साध्या घरातली असेल. मग तिच्या बाजूला कोरणार काय, लाटणं?"

मजूर हसले.

हे आत्याला सुचलंच नव्हतं. इतक्या ढाली पाहिल्या, इतकी घराणी पाठ, आणि रिकामी जागा दिसताच तिने तिथे न आलेली बाई उभी केली. आलेली, बिनढालीची, या दारातून रोज ये-जा करणारी, नवऱ्याने आपल्या शेजारी जागा दिलेली बाई तिला दिसली नव्हती. रेघा तेवढ्याच सुबक राहणार होत्या. उलट आता जास्तच पटत होत्या.

"मुद्दा आहे," आत्या हळूच म्हणाली.

"आहेच!" बाई विजयी मुद्रेने खाली उतरल्या.

"म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे बायको आहे, तिची जागा आहे, आणि कोरण्यासारखं काही राहिलेलंच नाही. काम पुरं आहे."

बाईंचं पेन हवेतच थांबलं. "अहो... हे मी कधी म्हटलं?"

"आत्ताच. लाटण्यासकट."

आणि बाई खो खो हसत सुटल्या. मग त्यांनी 'पूर्ण ढाल, एक बाजू कोरी' असं लिहिलं, मजुरांना दोर आणायला सांगितलं, आणि पुढच्या भिंतीचा फोन वाजला तशा आत्याला नीट निरोपही न देता पळाल्या. चहाला थांबता का, असं आत्या विचारणार होती. ते राहूनच गेलं.

दगड खाली आला, गोणपाटात गुंडाळला गेला, टेम्पोत चढला. आत्या पुढे चालकाशेजारी बसली. तिला हायसं वाटत होतं, आणि कसंतरीही वाटत होतं. सकाळी शिडीवर भेटलेला तो वाट बघणारा माणूस आता उरला नव्हता. त्याला संसार मिळाला होता, आणि तोही तिनेच भांडून मिळवून दिला होता.

"काय आहे हो ते मागे?" चालकाने विचारलं.

"नवराबायको," आत्या म्हणाली.

त्याने आरशातून मागे पाहिलं. "बाप रे! मग हळूच नेतो."

"हं," ती म्हणाली, आणि तिने काच खाली केली.