सेटअप प्लॅन
आज एकही सेटअप प्लॅन खपला नाही तर उद्या येऊ नकोस, असं मॅनेजरने सकाळीच बजावलं होतं. त्यामुळे दुकान बंद होता होता लॅपटॉप घ्यायला आलेल्या शिंपीणबाईंपुढे विक्रेतीने प्लॅनचा फॉर्म सरकवला: जादा पैसे भरा, दुकान लॅपटॉप सुरू करून देईल. मॅनेजर तिच्या मागेच उभा होता.

“हे नाही घेतलं, तर लॅपटॉप चालणार नाही का गं?” बाईंनी विचारलं.

‘नाही चालणार’ एवढंच तिला म्हणायचं होतं, पण जीभच रेटेना.

“चालेल, मावशी. बटण दाबा आणि तो विचारेल ते सांगत जा. अर्ध्या तासाचं काम.”

मॅनेजरने तिच्यापुढे हात केला. तिने आधी बाईंचा लॅपटॉप पिशवीत नीट भरून दिला. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं.