गुप्त क्रमांकाचं गाणं

घानातल्या केप कोस्टच्या चॅपलमागच्या पडवीत अराबाने मोबाइलवरून पैसे पाठवायचा वर्ग सुरू केला, तेव्हा मासे धुरावर सुकवणाऱ्या बायकांच्या काही लक्षात राहीना. मग तिने धडेच भजनाच्या चालीवर बसवले आणि पडवी भरून गेली. आज मात्र पाद्रीबाबा मागच्या बाकावर येऊन बसले होते. वर्गापायी कुणाचे पैसे बुडाले तर पडवी परत घेईन, असं त्यांनी बजावलं होतं.

प्रवचनात मध्येच उठून गाणं धरणारी म्हातारी मामे एक्वा इथेही उठली. मुलीला पैसे पाठवता पाठवता तिने आपला गुप्त क्रमांक खड्या आवाजात आळवला, आणि सगळ्या बायकांनी तो भक्तिभावाने झेलला. खिडकीबाहेर अख्खा बाजार उभा होता.

"अगं मामे, तो गायचा नसतो!" अराबा ओरडली.

"का गं? देवाच्या दारी कसली लपवाछपवी?"

पाद्रीबाबा उठले. अराबाने डोळे मिटून त्याच चालीत सूर लावला, "नवा क्रमांक घेऊ या, देवालाच सांगू या..." आणि ओठांवर बोट ठेवलं. गाणं थांबलं, नुसती मोबाइलच्या बटणांवरची बोटं टकटकू लागली. डोळे उघडायचा तिला धीर होईना.

मग मागचा बाक करकरला. पाद्रीबाबा परत बसले होते.