खाडीला आवतण

भामाने कुंकवाची वाटी पाटावर ठेवली आणि धवल्याचं गाणं मध्येच थांबवलं.

मांडवात कुजबुज सुरू झाली. पनवेलच्या खाडीतल्या या बेटावर धवलारीण गायल्याशिवाय लग्न लागत नाही. ती एकेकाला नाव घेऊन आवतण देते: गावदेवी, विहीर, बांध आणि शेवटी बांधाबाहेरची तिवरं. ज्याला आवतण जाईल, त्याचं पान नवरीच्या बापाने स्वतः नेऊन वाढायचं. गावदेवी झाली, विहीर झाली, बांध झाला. पुढचं नाव भामाच्या तोंडातून निघेना.

तिवरं होती कुठे? नवरीच्या बापाने, बळीरामने, ती चुनाभट्टीवाल्याला जळणासाठी विकली होती. ना गावकीला विचारलं, ना कुणाला सांगितलं. आज्यापणज्यांनी चिखलात रोवून वाढवलेली ती झाडं लाटा अंगावर घ्यायची, म्हणून आतल्या खाऱ्या जमिनीत भात पिकायचा. अर्धी तोडून होडीत भरली होती, उरलेली उद्या पडणार होती. त्याच पैशांवर मांडवात चावीचा ग्रामोफोन आला होता, आणि भट्टीवाला शेठ मानाच्या खुर्चीत बसून पान चघळत होता! भामाच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"काकी, गा ना," बळीराम वाकून म्हणाला. "मुहूर्त टळंल."

"कोनाला बोलवू? तोडलेल्या बुंद्यांना?"

"लोकं बगतान. पोरीचं लगीन हाय."

"पोर तुजी हाय. बेट तुज्या एकट्याचं नाय."

पाटावर हळदीने पिवळी झालेली शकू मान खाली घालून बसली होती. तिची पहिली आंघोळ भामानेच घातली होती. तिच्याकडे पाहून म्हातारीला गलबलून आलं, पण राग हटेना. लग्न मोडायचं नव्हतं आणि गप्पही बसायचं नव्हतं. तिने डोळे मिटून सूर लावला.

"ये गं खाडीबाय, लग्नाला ये. तुजी वाट मोकली केली, घरात ये."

बायकांचे हात तोंडावर गेले. खाडीला आजवर कुणी आवतण दिलं नव्हतं. पण धवल्यात घेतलेलं नाव मागे घेता येत नाही. सगळे बळीरामकडे पाहू लागले. तो दात-ओठ खात उठला, भाताचं पान हातात घेतलं आणि भर दुपारी बांधाकडे निघाला. पुनवेचं उधाण भरत आलं होतं.

तो परतला तेव्हा त्याचं नवंकोरं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

"बांधाखाली उतरलास व्हय?" गावकीतल्या म्हाताऱ्या दयारामने विचारलं.

"नाय. माथ्यावरच हुतो." बळीरामने रिकामे हात पुढे केले. "लाट वर आली. पान माज्या हातातनंच घेऊन गेली."

बळीराम शेठकडे वळला.

"शेठ, तुमची मानसं कवा निघनार?"

"उद्याची तोड झाली की."

"नाय. आताच. भरती हाय, होडी तरंगंल."

"आणि आपला सौदा?"

शेठ उठेपर्यंत बळीराम खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, मग खुर्ची उचलून मांडवाबाहेर नेऊन ठेवली.

"आजे," शकू मान वर न करता म्हणाली, "येक नाव राह्यलं."

भामाचा राग गेला नव्हता. तोडलेली झाडं काही परत उभी राहणार नव्हती. तरी तिने वाटी उचलली आणि उरलेल्या तिवरांना आवतण दिलं.

बळीराम दुसरं पान वाढून घेत होता.