पहिला ग्लास

हाज्जा नबविया गोळ्या कालव्यात फेकते, याबद्दल इन्साफच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गावातल्या सासवा तिला काही आजच्या माहीत नव्हत्या. एकवीस वर्षं ती इथली आरोग्यसेविका होती. घरोघर फिरायचं, पोटुशी बायकांची नोंद करायची, सरकारी गोळ्या वाटायच्या आणि वर मूर्खपणा ऐकून घ्यायचा. एकीचं म्हणणं, लोहाच्या गोळीने पोर कलिंगडाएवढं होतं आणि बाई अडते. दुसरीचं म्हणणं, दात काळे पडतात आणि नवरा दुसरी करतो. एक तर गोळ्या कुटून कोंबड्यांच्या दाण्यात घालायची. सून पांढरीफटक आणि कोंबड्या टुणटुणीत, असलं ते घर.

आज पिशवीत हाज्जाच्या सुनेच्या, बस्मलाच्या, रक्ताचा कागद होता. अकरा आठवड्यांपूर्वी रक्त सात पूर्णांक आठ. आज सात पूर्णांक नऊ. केंद्रावरच्या नव्या डॉक्टरने कागद उलटसुलट करून पाहिला होता. कैरोहून आलेला, मिशाही धड न फुटलेला, पण बोलणं सुरीसारखं.

"बाई, ही मुलगी गोळ्या गिळते की ताईत करून गळ्यात बांधते? सहावा महिना सरला. एवढ्या रक्तावर बाळंत झाली आणि थोडं जास्त वाहिलं, तर सोहागच्या मोठ्या इस्पितळात न्यायला गाडी येईपर्यंत ती उरायची नाही. कळतंय का?"

इन्साफला कळत होतं. कार्डावर बस्मलाचं वय अठरा लिहिलेलं होतं, तेही इन्साफच्याच अक्षरात. या गावात लग्न झालेली प्रत्येक पोर कागदावर अठराचीच असते. खरी ती पंधराची होती, आणि हे गावातल्या गाढवांनाही ठाऊक होतं. लग्न दोन साक्षीदारांपुढे लागलं होतं, सरकारी नोंद ती अठराची झाल्यावर सावकाश व्हायची होती. नवरा हमदी कैरोत विटा वाहत होता. मुलगी सासूच्या ताब्यात होती आणि सासू गोळ्या कालव्यात फेकत होती. इन्साफ तावातावाने चालत होती.

हाज्जाच्या ओट्यावर भाकरीचे गोळे उन्हात फुगत ठेवले होते. मक्केहून आल्यापासून बाई दारातून बाहेर बघतानाही हनुवटी वर करून बघायची.

"ये ये, करीमची आई. अगदी जेवायच्या वेळेला पाय लागले." गावात इन्साफला तिच्या मुलाच्या नावानेच हाक मारत.

"जेवायला नाही आले, हाज्जा. भांडायला आलेय."

"मग जेवून भांड. उपाशी माणसाचा आवाज चिरका लागतो."

इन्साफने कागद पुढे धरला. "बघ. अकरा आठवडे. एका दशांशाने वाढलंय रक्त. पालथ्या घड्यावर पाणी. मी काय सांगितलं होतं तुला?"

"मला वाचता येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

"तुला वाचता येत नाही, पण गोळ्या कुठे टाकायच्या ते बरोबर कळतं."

हाज्जाचा चेहरा दगड झाला. ती आत गेली आणि मदिनेहून आणलेल्या खजुरांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं एकावर एक नीट रचलेली होती. एकही कमी नव्हतं.

"रिकामी पाकिटं काय, मीही करून दाखवीन," इन्साफ म्हणाली. "कालव्यातले मासे धष्टपुष्ट झाले असतील."

"तुझी जीभ ना, करीमची आई, कधीतरी तुलाच चावेल." हाज्जा शांतपणे म्हणाली. "बस. आज तुझ्या डोळ्यांसमोर देते. नाहीतरी कधी तुझ्या पाठीमागे दिलीय? दर बुधवारी तू इथेच तर असतेस."

हे खरं होतं. या घरची मुलुखियाची भाजी गावात नावाजलेली, आणि बुधवारची फेरी दुपारी इथेच कशी येऊन ठेपते हे इन्साफने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

बस्मला ताट घेऊन आली. मनगटं बोरूसारखी, ओठ कागदाच्या रंगाचे, आणि पोट जणू दुसऱ्या कुणाचं उचलून तिच्यावर बांधलेलं. उंबरा ओलांडून आली तेवढ्यानेच तिला धाप लागली. तिघी जेवल्या. भाकरी, मुलुखिया, जुनं खारट चीज, कांदा. पोरीने बऱ्यापैकी खाल्लं. इन्साफची नजर तिच्या हातावर होती, गोळी आता येईल आणि म्हातारी काहीतरी लबाडी करील म्हणून.

स्टोव्हवर किटली मघापासून खदखदत होती. इकडे चहा उकळत नाहीत, शिजवतात. डांबरासारखा झाला की उतरवतात. हाज्जाने तीन ग्लास मांडले. पहिला ग्लास, सगळ्यात काळा, तिने बस्मलापुढे ठेवला. दुसरा इन्साफपुढे.

हा दुसरा ग्लास इन्साफला पहिल्या बुधवारपासून खुपत होता. पाहुण्याला पहिला ग्लास, हा जगाचा रिवाज. एकवीस वर्षांत तिला कुठल्या घराने दुसरा दिला नव्हता. सुनेचे इतके लाड करणाऱ्या हाज्जाबद्दल ती शेजारपाजारी दोनदा कुजकट बोललीही होती.

हाज्जाने चालू पाकिटातली एक गोळी फोडून काढली. बस्मलाच्या तळहातावर ठेवली. बस्मलाने ती जिभेवर घेतली आणि चहाच्या मोठ्या घोटाबरोबर गिळली. मग ग्लास संपवला.

"आ कर," हाज्जा म्हणाली. बस्मलाने तोंड उघडून दाखवलं. "बघ, करीमची आई. जिभेखालीही बघ. रोज अशीच देते. माझ्या हाताने. आणि चहा सगळ्यात गडद, पहिला, रक्त होण्यासाठी. मी स्वतः शेवटचा, पाणी घालून वाढवलेला पिते."

इन्साफचा ग्लास ओठांशी थांबला.

प्रशिक्षणात आठ कलमं पाठ करून घेतली होती. ती झोपेतही म्हणू शकली असती. सातवं कलम होतं, गोळीबरोबर किंवा जेवणावर चहा नको. चहा लोह अंगाला लागू देत नाही. मध्ये दोन तास जाऊ द्या. पहिली दोन-तीन वर्षं तिने ते सांगितलंही. पण ते सांगायची वेळ यायची तेव्हा समोर यजमानीण ग्लास धरून उभी असायची. इथे कुणाच्या घरी चहा नको म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. मग ती सातवं कलम पुटपुटायला लागली. मग गाळायला लागली. मग सहानंतर सरळ आठ. आणि हे सगळं करून पुन्हा सासवांच्या अडाणीपणावर हसायला मोकळी. नाकाने कांदे सोलणारी ही बाई अकरा बुधवार समोर बसून बघत होती. तिला दुसऱ्या ग्लासातला अपमान दिसला, पहिल्या ग्लासातलं विष दिसलं नाही.

तरी आधी तिने धडपड केलीच. खोटं काय सांगावं, माणसाची जात.

"गोळी चहाबरोबर द्यायला तुला सांगितलं कुणी?"

"तू." हाज्जा म्हणाली. "जेवण झाल्यावर लगेच द्या म्हणालीस, म्हणजे मळमळायचं नाही. आमच्याकडे जेवण झाल्यावर लगेच काय येतं? उंट येतो? आणि तू इथेच बसून ग्लास रिकामा केलास. तुझे हात सलामत राहोत, असंही म्हणालीस. दर वेळी."

इन्साफने ग्लास खाली ठेवला. भरलेला. हाज्जाची नजर त्या ग्लासावर गेली.

"चूक माझी आहे," इन्साफ म्हणाली. असली वाक्यं तिला फारशी सवयीची नव्हती, दातात अडकत होती. "चहाने गोळी वाया जाते. एकूण एक वाया गेली. मला माहीत होतं. सांगितलं नाही."

"माहीत होतं?"

"हो."

"मग का नाही सांगितलं?"

"चहा चांगला होता म्हणून."

 हाज्जाने डब्यातली पाकिटं बोटाने चाळवली. अकरा आठवडे तिने एकही चुकवली नव्हती. "मी आपल्या हाताने," ती म्हणाली. "पहिला ग्लास. माझ्या पोटच्या पोरींना नाही दिला कधी."

बस्मला रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी.

"रडू नको गं," इन्साफ म्हणाली. "अजून वेळ आहे. रक्त वाढेल. तुझं स्वतःचं हाड अजून वाढतंय, त्यात हे पोर. दोघं एकाच ताटात जेवताय, म्हणून कमी पडतं."

"त्याचं नाही, मावशी." बस्मलाने नाक पुसलं. "आता हाज्जाकाकी मला पहिला ग्लास देणार नाही."

दोघी बायका तिच्याकडे बघत राहिल्या. या घरात येऊन तिला दहा महिने झाले होते. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, नवऱ्याचा चेहरा ईदला दिसायचा. मिळालं म्हणावं तर तो एक ग्लास.

"देणार नाही कशी?" हाज्जा खेकसली. "कोण म्हणतं देणार नाही? करीमची आई, किती वेळाने चालेल, सांग. आणि या वेळी सगळं सांग."

"गोळी जेवणावर, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा दोन तासांनी, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर. आणि रात्री भाकरीबरोबर काकवी आणि तिळाचं वाटण दे. त्यावरही चहा नाही."

"मग आम्हीही तेव्हाच पिऊ. सगळ्याच. तूही."

त्या दिवशी बाहेर पडल्यावर इन्साफच्या डोळ्यांपुढे एकेक दार आलं. एकोणचाळीस घरं, एकोणचाळीस किटल्या. शेजारच्या फहीमाच्या दारात ती थांबली. फहीमाची सून पाचव्या महिन्यात होती. फहीमा नेहमीप्रमाणे हसत ग्लास घेऊन आली. पहिला ग्लास, पाहुणीचा.

"नको," इन्साफ म्हणाली, आणि फहीमाचा चेहरा उतरलेला बघत सातवं कलम सांगायला बसली.

महिनाभरात गावाने निकाल दिला. इन्साफ माजली. सरकारी पगार डोक्यात गेला. एकवीस वर्षं आमचा चहा ढोसला आणि आता तिला त्यात विष दिसतं. तीन घरांनी तिला ओट्याखाली उभं ठेवलं. एकीने दारच लावलं. इन्साफने ओट्याखालूनच आठही कलमं म्हटली, मोठ्याने, दाराआडच्या सुनेला ऐकू जातील अशी.

सहा आठवड्यांनी बस्मलाचा नवा कागद आला. नऊ पूर्णांक तीन. डॉक्टर म्हणाला, बरं आहे, पण बाळंतपण सोहागलाच. हाज्जा आधी कुरकुरली, तिथे वयाचा कागद मागतील म्हणून. इन्साफने कार्ड काढलं, तिच्यासमोर अठरा खोडून पंधरा लिहिलं आणि म्हणाली, "विचारतील ते मला विचारतील. अक्षर माझं आहे." हाज्जाने कार्ड उलटं धरून बराच वेळ पाहिलं. मग सोबत मीच जाईन म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगून आली की रक्त तिच्या लिंबांनी वाढलं.

चहा तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर झाला. आज बस्मलाने स्वतः किटली उतरवली. पहिला ग्लास भरून तिने इन्साफपुढे सरकवला.

"आज तुमचा, मावशी."

"जेवून किती वेळ झाला?"

"अडीच तास."

"मग तो तुझाच," इन्साफ म्हणाली, आणि दुसऱ्या ग्लासासाठी हात पुढे करून बसली.