आठ मुकादम

वेल्डरने खिळ्यावरचं पांढरं हेल्मेट काढलं, बाहीने पुसलं आणि न घालताच परत अडकवलं.

"का रे? घरी फोन करतोयस ना?" कॉटवर पडल्या पडल्या सुताराने विचारलं.

"करतोय."

"मग डोकं उघडं का? घरचे म्हणतील, साहेबाला काढलं वाटतं."

"आज खरं सांगणार आहे."

सुतार उठून बसला. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

कामगारांची हेल्मेटं पिवळी आणि मुकादमाचं पांढरं, असा कंपनीचा नियम होता. हे कुणा मुकादमाने टाकून दिलेलं; आता ती आठ जणांच्या खोलीची सामाईक मालमत्ता होती. घरी व्हिडिओ कॉल करणाऱ्याने ते घालायचं आणि बाकीच्यांपैकी कुणी तरी मधूनच डोकावून 'साहेब, माल आलाय, सही लागेल' म्हणायचं, असा रिवाज होता. अशा रीतीने त्या एका खोलीतून आठ मुकादम आठ घरांत नांदत होते.

कंपनीच्या लेखी मात्र आठही जण मदतनीस होते. वेल्डरच्या शेजारी त्याच पाइपांचे सांधे जोडणारा माणूस दुसऱ्या देशाचा होता. त्याच्या पासपोर्टचा रंग वेगळा, म्हणून पगार तिप्पट आणि खोली स्वतंत्र. माणूस वाईट नव्हता. अवघड सांधा आला की आदराने बाजूला होऊन वेल्डरला पुढे करायचा. वेल्डरने एकदा ऑफिसात याबद्दल विचारलं होतं. तिथल्या बाईंनी न रागावता समजावलं, की पगार कामाचा नसतो, देशाचा असतो. वेल्डरचा स्वतःचा पासपोर्ट हरवू नये म्हणून तो त्यांच्याच कपाटात कुलपात होता. इतकी काळजी घरच्यांनीही कधी घेतली नव्हती.

हे असंच चाललं असतं. पण परवा धाकट्या भावाने कळवलं, की त्याने मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली नोकरी सोडली. त्याच एजंटकडून, त्याच कंपनीत तोही येणार. एजंटचे पैसे भरायला आई हातातल्या पाटल्या विकणार होती.

फोन लागला.

"दादा, आज टोपी नाही?"

"ती माझी नाहीच. नीट ऐक. मी मुकादम नाही, साधा कामगार आहे. तूही इथे तेच होशील. पाटल्या विकू नका. दुकानात परत जा, मालकाच्या हातापाया पड."

भाऊ हसला. "सकाळी सकाळी घेतलीस की काय?"

"थांब, दाखवतोच." त्याने फोन खोलीभर फिरवला. दुमजली कॉट, दोरीवरचे ओले कपडे, भिंतीचे पोपडे, खिडकीतून दिसणारी संडासाची रांग. सुताराने मान खाली घातली.

"ही तुझी माणसं का?" भावाने विचारलं. "यांना जरा बरी जागा दे की रे. एवढं तरी तुझ्या हातात असेल."

वेल्डरने फोन स्वतःकडे वळवला. तो बोलणार, एवढ्यात अंघोळ उरकून, खांद्यावर टॉवेल टाकून नळवाला आत आला. आधीचं त्याला काहीच माहीत नव्हतं. शेजारधर्म मात्र माहीत होता. तो दारातच ताठ उभा राहिला.

"साहेब, माल आलाय. सही लागेल."

सुताराने डोळे मिटून घेतले.



"समजलं," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "मी तिथे आलेलं तुला नकोय. सरळ सांगायचंस ना, दादा. नाटक कशाला?"

"अरे, तसं नाही. ऐक तरी."

फोन आईच्या हातात गेला होता. तिला कॅमेऱ्यात चेहरा कधीच धरता यायचा नाही. अर्धं कपाळ आणि एक कान दिसत होता.

"काय बोललास रे त्याला? तोंड पाडून बसलाय. लहान आहे तो. चुकला तर रागव, पण तुझ्या हाताखाली घे."

बोलता बोलता तिने डोळे पुसायला हात वर नेला आणि तो कॅमेऱ्यात आला. मनगटावर पाटल्यांच्या जागी फिकट पट्टा होता.

"कधी विकल्यास?"

"कालच. भाव बरा आला. घेशील ना त्याला?"

"घेतो," वेल्डर म्हणाला.

फोन बंद झाला. नळवाल्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं? मी नीट बोललो ना?"

"नीट बोललास," वेल्डर म्हणाला.

मग तो उठला. कोपऱ्यातल्या कॉटच्या वरच्या मजल्यावर सगळ्यांच्या बॅगा रचलेल्या होत्या. त्या तो एकेक करून खाली उतरवू लागला. सुतार काही न विचारता शेजारी जाऊन उभा राहिला आणि बॅगा धरू लागला.

"त्याला खालची जागा देऊ या की," थोड्या वेळाने सुतार म्हणाला. "वर फार उकडतं."

"नको. घरी तो माळ्यावरच झोपायचा," वेल्डर म्हणाला. "त्याला उंचावर आवडतं."